जुन्या पद्धतीची, स्क्रीन नसलेली संध्याकाळ आणि झोप: नेमकं काय घडतं?

झोप लागत नाही म्हणून कुणाजवळ बोललात की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, अरे तो मोबाईलचा निळा लाइट. मग माणूस नाइट मोड लावतो, स्क्रीन पिवळी करतो, कुणी कुणी तर खास चष्मा पण घेतं, आणि त्या पिवळ्या स्क्रीनवर दीड वाजेपर्यंत तेच चालू, एक व्हिडिओ, मग अजून एक, मग कमेंट्स वाचणं. निळ्या लाइटची गोष्ट खोटी नाही, पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं झालं. जुन्या पद्धतीची संध्याकाळ, म्हणजे जेवणं आटोपली, दिवे थोडे मंद, कुणी वाचतंय कुणी गप्पा मारतंय, आणि मग निजानीज, ही झोपेला का मानवते हे नीट समजून घ्यायचं असेल तर आधी झोप येते कशी ते बघावं लागेल. फार अवघड नाहीये.

झोप दोन गोष्टींवर चालते. झुरिकमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ साली हे मॉडेल मांडलं आणि आजही झोपेचे डॉक्टर याच भाषेत बोलतात. पहिली गोष्ट म्हणजे साठलेली झोप. आपण जागे असतो तेव्हा मेंदू ऊर्जा वापरत असतो आणि त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, जितका वेळ जागे तितका जास्त, आणि झोपलो की तो उतरतो. भुकेसारखंच आहे हे. संध्याकाळी सहा वाजता तासभर डुलकी काढली तर ती जेवणाआधी पोटभर फराळ केल्यासारखी, रात्री भूक मरणारच. कॅफीन नेमकं इथेच घोळ करतं. ते अ‍ॅडेनोसिन कमी करत नाही, ते फक्त अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, त्यामुळे मेंदूला दमल्याचा निरोप पोचत नाही. आणि निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात, माणसामाणसात बराच फरक असतो पण साधारण तेवढे. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला अजून रक्तात फिरतंय. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन (हा डोस बऱ्यापैकी मोठा आहे, मान्य) घेतलेल्यांची झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झालेली दिसली. तेव्हा संध्याकाळी स्ट्राँग कॉफी पिऊन रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवलात तर त्या मोबाईलला उगाच शिक्षा.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन्ही नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोब्बर वर साधारण २० हजार पेशींचा एक ठिपका आहे, तोच हा घड्याळवाला. गंमत अशी की हे घड्याळ अगदी २४ तासांचं नाहीये, सरासरी २४ तास आणि १०-१२ मिनिटांचं आहे. म्हणजे तुम्हाला कायम अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर तुमचा दिवस रोज थोडा थोडा पुढे सरकत जाईल. मग ते रोज जागेवर कोण आणतं? उजेड. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते पलीकडे ढकलतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी बाकीचं अर्धं आपोआप सुटतं, कारण आपल्यातले बरेच जण दिवसभर घरात किंवा ऑफिसात मिणमिणत्या उजेडात बसतो आणि रात्री घर लख्ख करून टाकतो. घड्याळाने काय समजायचं?

आता मेलाटोनिन, म्हणजे शरीर स्वतःच तयार करतं तो एक हार्मोन. लोकांना वाटतं ही शरीरातली झोपेची गोळी आहे, तसं नाहीये. हा अंधार पडल्याचा निरोप आहे. नेहमीच्या झोपायच्या वेळेआधी साधारण दोन तास तो वाढायला लागतो आणि शरीराला सांगतो की रात्र झाली, आवराआवरी करा. डोळ्यात उजेड गेला की हा निरोप दबतो. डोळ्यात बघण्यासाठीच्या ज्या पेशी असतात त्यांच्याशिवाय एक वेगळ्या जातीच्या पेशी आहेत, ज्यांचा चित्र दिसण्याशी फारसा संबंध नाही, त्यांचं काम बाहेर किती उजेड आहे ते मोजून घड्याळाला कळवणं. यांचा शोध तसा अलीकडचा, २००२ च्या सुमाराचा. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात, आणि निळ्या लाइटची सगळी बदनामी इथून सुरू झाली.

बरं मग मोबाईल टॅबलेटने झोप किती बिघडते? यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग हार्वर्डच्या लोकांचा, २०१५ सालचा. १२ जणांना लॅबमध्येच राहायला ठेवलं, पाच रात्री झोपायच्या आधी चार तास टॅबलेटवर वाचायचं आणि पाच रात्री छापील पुस्तक. टॅबलेटच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं, शरीराचं घड्याळ दीड तास मागे पडलं, सकाळी लोक जास्त पेंगुळलेले होते. भयंकर वाटतं ना? पण आता पुढचं ऐका, झोप लागायला जास्त वेळ किती लागला तर साधारण दहा मिनिटं. आणि तेही रोज चार तास, ब्राइटनेस फुल्ल, खोली जवळजवळ अंधारी, अशा अटींवर. बातम्यांमध्ये यातला पहिला भाग आला, दुसरा आला नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाने असाच प्रयोग केला, फक्त त्यांनी लोकांना दिवसा सहा-साडेसहा तास चांगल्या भरपूर उजेडात बसवलं. मग रात्री दोन तास टॅबलेटवर वाचलं काय नि पुस्तक वाचलं काय, झोपेत फरक दिसलाच नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल कुणी बोलत नाही. दिवसा पोटभर उजेड घेतलेलं घड्याळ रात्रीच्या थोड्या उजेडाने सहजासहजी हलत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. जुन्या काळची संध्याकाळ झोपेला चांगली होती कारण त्याआधी जुन्या काळचा दिवस होता, बाहेर उन्हात काढलेला! नुसती संध्याकाळ उचलून आणली आणि दिवस तसाच पडदे लावून काढला तर गणित अर्धंच सुटणार.

आकडे बघितले की हे अजून पटतं. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात १ लाख लक्सपर्यंत, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स, आणि घरात रात्री सगळे दिवे लावले तरी १००-२०० च्या घरात. एक मेणबत्ती एक मीटरवरून फक्त १ लक्स. म्हणजे खिडकीपासून लांब बसून आपल्याला जो 'उजेड' वाटतो तो शरीराच्या हिशोबाने तिन्हीसांजच आहे. उलट रात्री तेच १००-२०० लक्स घड्याळाला पुरेसे होतात. २०११ मध्ये ११६ लोकांवर केलेल्या अभ्यासात झोपायच्या आधीचे तास साध्या घरगुती दिव्यांच्या उजेडात, २०० लक्सच्या आतच, घालवले तर मेलाटोनिनचा रात्रीचा काळ मंद उजेडाच्या तुलनेत साधारण ९० मिनिटांनी आखूड झालेला सापडला. इथे मोबाईल कुठेच नव्हता, छतावरचे दिवे होते नुसते. म्हणून म्हणतो, मोबाईल बंद केला आणि ट्यूबलाइटखाली पुस्तक घेऊन बसलात तर उजेडाच्या बाबतीत फारसं काही कमावलं नाही. २०२२ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून शिफारस केली ती अशी की झोपायच्या आधीचे तीन तास डोळ्यापाशी १० लक्सच्या वर उजेड नको, आणि दिवसा २५० च्या खाली नको (हे लक्स त्या वेगळ्या पेशींच्या हिशोबाने मोजलेले असतात, साध्या मीटरवर आकडा थोडा वेगळा येईल). १० लक्स म्हणजे कोपऱ्यातला एखादा लहान पिवळसर दिवा, तोही डोळ्याच्या खालच्या उंचीला.

सगळ्यांना सारखाच त्रास होतो असंही नाही. उजेडाने मेलाटोनिन दबण्याच्या बाबतीत माणसामाणसात ५० पटींहून जास्त फरक असू शकतो असं २०१९ मध्ये दिसून आलंय. त्यामुळे घरात एक जण टीव्हीसमोर दहाव्या मिनिटाला घोरायला लागतो आणि दुसरा त्याच उजेडात बारापर्यंत टक्क जागा, यात दुसऱ्याचा काही दोष नाही.

आता एक गैरसमज. 'पूर्वी लोक सूर्य मावळला की झोपायचे' हे आपण सगळेच बोलतो. २०१५ मध्ये टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या वीज नसलेल्या तीन समाजांमध्ये लोकांच्या मनगटाला झोप मोजणारी यंत्रं बांधून बघितलं, तर ते लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून जास्त वेळ जागे असायचे, आणि झोप किती तर सरासरी ५.७ ते ७.१ तास. म्हणजे आपल्याहून फार जास्त अजिबात नाही! तरी झोप येत नाही ही तक्रार त्यांच्यात फारच कमी. तर मुद्दा लवकर झोपण्याचा नाहीच आहे. त्या तीन तासांत ते शेकोटीभोवती बसतात, बोलतात, अंधारात असतात, आणि घड्याळ व्यवस्थित आपल्या जागी असतं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये ८ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं, टॉर्च नाही, मोबाईल नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. आठवड्यात सगळ्यांचं घड्याळ सरासरी दोन तास अलीकडे आलं आणि जे रात्रीचे किडे होते त्यांचं जास्त अलीकडे आलं. स्वभावच तसा आहे माझा, मी रात्रीचाच माणूस, असं म्हणणाऱ्यांतला बराचसा स्वभाव दिव्याच्या बटणात असतो.

एवढं सगळं उजेडाचं झालं, पण मला विचाराल तर मोबाईल झोप खातो तो दुसऱ्याच दोन मार्गांनी.

एक म्हणजे तो सरळ सरळ वेळ खातो. पेपर वाचून संपायचा. रेडिओचा कार्यक्रम संपायचा. टीव्हीसुद्धा एकेकाळी रात्री बंद व्हायचा, प्रसारणच संपायचं, बघायला काही शिल्लकच नसायचं. पुस्तकाला निदान प्रकरण असतं. आताच्या अ‍ॅपला शेवट नाही, खाली ओढलं की अजून येतं, एपिसोड संपायच्या आत पुढचा सुरू होतो, आणि थांबायचा निर्णय तुम्ही घ्यायचा, तोही रात्री बाराला जेव्हा दिवसभराची निर्णयशक्ती संपलेली असते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये यावर काम केलं, कुणी अडवलेलं नसताना, काही कारण नसताना झोपायला उशीर करणं, चालढकलच ती, फक्त बिछान्याच्या बाबतीतली. झोप लागण्यातला दहा मिनिटांचा उशीर एकीकडे आणि हातातून फोन न सुटल्याने गेलेला दीड तास दुसरीकडे, तुम्हीच बघा मोठं काय ते.

दुसरा मार्ग डोक्याचा. झोपेच्या त्या दोन गोष्टी, साठलेली झोप आणि घड्याळ, दोन्ही तयार असल्या तरी डोकं तापलेलं असेल तर झोप दाराशी येऊन परत जाते. रात्री साडेदहाला आलेला ऑफिसचा एक मेल, कुणाशी तरी झालेली ऑनलाइन भांडाभांडी, युद्धाची बातमी, कुणाचा तरी चकचकीत ट्रिपचा फोटो... यातलं काहीही शरीराला 'जागा राहा, काहीतरी चाललंय' असंच सांगतं, हृदयाची गती वाढते, अंग सावध होतं. त्यामुळे स्क्रीन काळी केली, पांढरी केली, पिवळी केली तरी फरक पडत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने फोनमधल्या त्या पिवळ्या मोडची चाचणी घेतली तेव्हा मोड लावणारे आणि न लावणारे यांच्या झोपेत एकंदरीत फरक सापडला नाही. आणि हाच न्याय उलटही लागतो, एखादा जुना, आधी बघितलेला, संथ सिनेमा लांबच्या टीव्हीवर मंद उजेडात बघणं हे हातातल्या फोनवर भांडण्यापेक्षा झोपेला कितीतरी बरं. कट्टर स्क्रीनबंदीवाल्यांना हे आवडणार नाही, असो.

तर करायचं काय? माझी मांडणी अशी की संध्याकाळ मागून मोजायची. झोपायची वेळ अकरा धरली तर नऊला दिवेलागणीचं उलटं करायचं, म्हणजे मोठे दिवे बंद, एखाद-दुसरा लहान दिवा चालू. ही एक खूण घरातल्या सगळ्यांना कळते, बोलून दाखवावं लागत नाही. फोन तेव्हाच चार्जिंगला, झोपायच्या खोलीत नाही, दुसरीकडे कुठेतरी, आणि त्यासाठी आधी साधं गजराचं घड्याळ आणा, कारण 'अलार्मसाठी लागतो' हे कारण दिलं की फोन उशाशी येतोच आणि मग सगळं मुसळ केरात. घरात कुणी आजारी आहे, रात्री फोन येऊ शकतो, तर रिंगचा आवाज मोठा ठेवून बाहेरच्या खोलीत ठेवा, ऐकू येतो.

आंघोळ करणार असाल तर ती झोपायच्या तास-दोन तास आधी करा, अगदी बिछान्यात शिरायच्या आधी नको. कारण उलटं वाटेल असं आहे. झोप यायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गरम पाण्याने हातापायांकडचं रक्त वाढतं, आणि तिथून शरीरातली उष्णता बाहेर पडते, म्हणजे गरम पाण्याने अंग शेवटी थंड होतं. टेक्सास विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसचं पाणी, दहा मिनिटंसुद्धा पुरतात, आणि झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. म्हणजे ढोबळमानाने टॅबलेटने जेवढं गमावलं जातं तेवढंच. पाय गार पडत असतील तर मोजे घाला, तेच तत्त्व.

मग कागद पेन घ्या. बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला लावलं, निम्म्यांनी केलेल्या कामांची यादी, निम्म्यांनी पुढे करायच्या कामांची. मला तर वाटलं असतं की उद्याची कामं लिहून टेन्शन वाढेल, पण झालं उलटं, पुढच्या कामांची यादी लिहिणारे साधारण नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. 'बँकेचं बघणं' असं लिहून नाही चालत, 'उद्या ११ ला बँकेत फोन, खात्याचा पत्ता बदलणे' असं लिहिलं की डोकं ते सोडून देतं. फोनच्या नोट्समध्ये लिहू नका, फोन हातात आला की काय होतं ते माहितीच आहे.

उरलेल्या वेळात काय हे ज्याचं त्याने ठरवावं. छापील पुस्तक, गप्पा, पत्ते, शिवण-टिपण, वाद्य वाजवणं, उद्याचे कपडे काढून ठेवणं, भांडी आवरणं, काहीही. फक्त दोन गोष्टी बघा, उत्कंठेने पान उलटायला लावणारी रहस्यकथा रात्री नको आणि घरातले पैशाचे वाद रात्री नकोत. सुरुवातीला कंटाळा येईल, खूप येईल, हात आपोआप फोन ठेवायचो त्या जागी जाईल. येऊ दे. दिवसभरात साठलेली झोप मघापासून तिथेच होती, फोन तिला दाबून ठेवत होता, कंटाळ्यात ती वर येते. बऱ्याच जणांना पहिल्या काही दिवसांत साडेनऊलाच झापड यायला लागते त्याचं कारण हेच, ते काही नव्याने दमलेले नसतात.

बिछान्यात मात्र झोप आल्याशिवाय जाऊ नका. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि निद्रानाशावरच्या उपचारात ती आजही वापरतात. बिछान्यात पडून रोज तासभर कुशी बदलल्या की मेंदू शिकतो की ही जागा जागं राहायची आहे. त्यामुळे अंदाजे वीस मिनिटांत (घड्याळ बघू नका, अंदाजेच) डोळा लागला नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी शांत करा, पापण्या जड झाल्या की परत या. आणि रात्री कितीही जागरण झालं तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी कलम आहे, कारण सकाळी ठरल्या वेळी बाहेरचा उजेड मिळाला की त्या रात्रीची झोप तिथेच ठरायला लागते.

मध्यरात्री जाग आली तर घाबरू नका. इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये युरोपातल्या जुन्या कागदपत्रांमधून दाखवलं की तिथे कित्येक लोक रात्री दोन टप्प्यांत झोपायचे, मध्ये तासभर जागे. सगळीकडे असंच होतं असं नाही, वरच्या त्या तीन समाजांत तसं दिसलं नाही, पण मध्ये जाग येणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असं नसतं. बिघडतं ते त्या जागं असलेल्या वेळात फोन हातात घेतला की.

आणि हे सगळं करूनही ज्यांची झोप आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा जास्त बिघडलेली आहे त्यांनी दिवे मंद करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. जुन्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी वागण्या-विचारांवर काम करणारी खास थेरपी द्यावी अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ पासून शिफारस आहे, आणि ती काही आठवड्यांची असते. जे जोरात घोरतात, झोपेत श्वास अडकून दचकून उठतात आणि आठ तास झोपूनही दिवसा पेंगत असतात, त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा श्वासाचा असतो, तिथे संध्याकाळ कितीही जुन्या पद्धतीची केली तरी उपयोग नाही, तपासणीच करावी लागते. रात्रपाळीवाल्यांना तर वरचं अर्धं उलटं लागू होतं, त्यांना सकाळी घरी येताना उजेड टाळायचा असतो आणि दिवसा जाड पडदे लावून झोपायचं असतं, त्यांनी नऊला दिवे मंद करायच्या भानगडीत पडू नये.